वाटीला वाटी

"शालन, तुझी ती वाटी काढ," असं म्हणत अक्कानं नवाकोरा वजनकाटा माझ्या ओट्यावर ठेवला आणि पदरानं त्याची काच पुसली. "आजपासून वाटी-फिटी बंद. सगळं ग्रॅममध्ये."

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, रत्नमाला. बार्शीत आमचं घर एक, चुली दोन. रस्त्याकडचं मोठं स्वयंपाकघर तिचं, मागच्या अंगणाकडचं माझं. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची. मनात काय म्हणायची ते सांगण्यासारखं नाही.

तिनं महिला मंडळात पाककृतींचा वर्ग काढला होता. चकलीची भाजणी माझी, चिवड्याची फोडणी माझी, बेसनाच्या लाडवाचा पाक माझा, आणि वर्ग मात्र तिचा. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसं. पण शिकायला येणाऱ्या पोरी आताच्या. त्या विचारायच्या, "काकू, वाटी म्हणजे केवढी?" तिथं अक्काची बोलती बंद व्हायची. म्हणून पुण्याच्या लेकाकडून तिनं हा काटा मागवला होता.

मी वाटी काढली. पितळेची, माझ्या आईनं रुखवतात दिलेली. रव्याच्या डब्यात बुडवून भरली आणि हाताच्या सवयीनं वर डोंगर आला.

"शीग कशाला लावतेस?" अक्कानं सुरीनं तो डोंगर कापून टाकला. "सपाट. सपाट पाहिजे सगळं."

"आमची आई म्हणायची, देणाऱ्यानं शीग लावूनच द्यावं."

"ते देताना. हे मोजमाप आहे, बाई."

मग काय, सगळा दिवस तेच. मी भरायची, ती वरचं कापायची, काट्यावर आकडा आला की लिहायची. साखरेची वाटी झाली, डाळीची झाली, पोह्यांची झाली. पोहे वाटीभर असून काटा हलायलाच तयार नाही, तर अक्का काट्याला दोनदा चापट मारून बघते. मला हसू आलं. खरं सांगायचं तर त्या दुपारी मला तिचा रागसुद्धा नव्हता. कामात असले की मला माणसं बरी वाटतात.

शेवटी म्हणाली, "आता अनारसे. गूळ किती घालतेस?"

"वाटीला वाटी. एक वाटी पीठ, एक वाटी गूळ. पण अक्का, पीठ घेताना..."

"ठाऊक आहे गं! इतकी वर्षं बघतेय. बरोबरी म्हणजे बरोबरी, किलोला किलो. त्यात मोजायचं काय?" तिनं लिहून टाकलं आणि चष्मा काढला. "आणि हो, सोनलच्या नवऱ्याचं वाण मी करते. तू त्यात पडू नकोस."

सोनल माझी लेक. एकुलती एक. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि धोंड्याचा महिना आला होता. अधिक महिना तिसऱ्या वर्षी येतो, आणि पहिल्या अधिकात जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, तेहतीस अनारसे दिव्यासकट ताटात घालून वाण द्यायचं, ही आमच्याकडची रीत. लेकीच्या आईनं ह्या दिवसाची वाट बघितलेली असते. मी तर सोनल पाळण्यात होती तेव्हापासून बघत होते. अनारशांचे जुने तांदूळ निवडून, चाळून, डब्यात भरून ठेवले होते.

"तुम्ही का अक्का? मी करते की. माझा जावई आहे तो."

"अगं, जोड्याचं वाण ते. लक्ष्मी-नारायणाचं." तिनं काटा पिशवीत घातला. माझ्याकडं बघितलं नाही. "तुझ्या हातचं... आता कसं सांगू? पहिलाच अधिक पोरीचा. शुभाशुभ असतं काहीतरी. लातूरच्या विहीणबाई काय म्हणतील? चव तुझीच की गं. हात तेवढा माझा."

माझा तो 'पण' तोंडातच होता. तो मी गिळला.

हे जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. दहाव्याला माझं कुंकू पुसायला सगळ्यांच्या आधी पुढं आला तो हिचाच हात. मी मान मागं घेतली तर दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली आणि चार माणसांत पुसलं, ओल्या फडक्यानं, ओटा पुसावा तसं. सोनलच्या लग्नात कन्यादानाला ती आणि दादा, माझे थोरले दीर, बसले. मी खोलीच्या दाराआड उभी. "अक्षता टाक की तिथूनच," म्हणाली. पोरीच्या लग्नात तमाशा नको म्हणून मी तेही पोटात घातलं. पोट किती मोठं असावं माणसाचं?

संध्याकाळी सोनलला फोन लावला. म्हटलं ती तरी काही म्हणेल.

"आई, जाऊ दे ना," ती म्हणाली. "काकूला करायचंय तर करू देत. ह्यांच्या आईला काय वाटेल, माहीत नाही. उगाच वाद नको."

"बरं," म्हटलं. फोन ठेवला आणि तिथंच तांदूळ भिजत घातले.

अनारशाचं काम म्हणजे धीराचं काम. तांदूळ तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं. मग सावलीत पसरायचे, दमट असतानाच दळायचे, बारीक चाळायचे, गुळात मळायचे आणि गोळा डब्यात घालून मुरत ठेवायचा. आज वाटलं आणि उद्या झालं, असं त्यात होत नाही. चुकलं तर सुधारायलाही तसलंच पीठ लागतं आणि ते पुन्हा तितक्याच दिवसांनी तयार होतं. हे अक्काला माहीत नव्हतं असं नाही. चुकेल, हे तिला माहीत नव्हतं.

तिनंही पुढं तांदूळ भिजवले, मी मागं. शेजारच्या गोदूमावशी भिंतीवरून डोकावल्या.

"काय गं शालन, दोन्हीकडं तांदूळ? जावई एक का दोन?"

"एकच आहे मावशी. पण अधिक महिना आहे, अधिक असलेलं बरं."

मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं. त्यांनीही नवऱ्यामागं बरीच वर्षं काढली होती. मग खाली उतरल्या.

पीठ झाल्यावर अक्कानं काटा लावून मोजलं. किलोभर पीठ, किलोभर गूळ, एक कण इकडं नाही की तिकडं नाही. मळून झाल्यावर मात्र ती पातेलं घेऊन माझ्या दारात आली.

"शालन, गोळा जरा सैल वाटतो का गं?"

मी बोटानं दाबून बघितला. बोटाला चिकटून तार निघाली. एका शब्दाचं काम होतं. अजून ओलं पीठ तिच्याकडंही उरलेलं असणार, माझ्याकडंही होतं. तिथं सांगितलं असतं तर सगळं निभावलं असतं.

तिच्या कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं. मी त्याच्याकडं बघत म्हणाले, "मुरू द्या."

"मुरल्यावर येईल ना घट्ट?"

"तुमचा काटा थोडाच खोटं बोलणार आहे, अक्का?"

खूश होऊन गेली. उरलेल्या ओल्या पिठाची तिनं त्याच दिवशी दादांना धिरडी घातली. वास माझ्यापर्यंत आला.

आणि तो दिवस उजाडला. लातूरहून मंडळी सकाळीच आली. सोनल, आमचे जावई अभिजित आणि विहीणबाई, पद्मावतीबाई. भारदस्त बाई, कमी बोलणाऱ्या. जेवून लगेच परत निघायचं होतं त्यांना. अक्कानं वर्गातल्या पाच-सहा जणीही बोलावल्या होत्या. "बघा गं, ग्रॅममधले अनारसे कसे होतात ते. ताजेच तळणार आहे." तिची पैठणी, तिच्या नाकातली नथ, काय तो थाट! मी मागं पुरण वाटत होते. धोंड्यांच्या पुरणाला माझे हात चालत होते बरं का. वाटून झालं की मग हात अशुभ.

पुढून तुपाचा वास आला तशी मी हात धुतले आणि मधल्या दारात जाऊन उभी राहिले.

अक्कानं खसखशीवर पहिला अनारसा थापला, अलगद उचलला, कढईत सोडला. सुरेख गोल होता. तुपात पडला, वर आला, पसरला, मग त्याची भोकं मोठी मोठी होत गेली आणि बघता बघता त्याच्या चिंध्या होऊन कढईभर पांगल्या. आमच्याकडं म्हणतात, अनारसा हसला.

"काकू, हसला!" वर्गातली एक पोर ओरडली.

"पहिला हसतोच," अक्का म्हणाली. दुसरा सोडला. तो हसला. तिसरा तर तुपाला लागायच्या आधीच झाऱ्यावरून फुटला. तूप काळं पडायला लागलं.

"तूप निवलंय," म्हणून तिनं गॅस मोठा केला. मग जळून हसले. मग "गॅसच धड नाही मेला." नाचता येईना, अंगण वाकडं. पोरी तोंडाला पदर लावून एकमेकींना ढोसत होत्या. अक्कानं गिरणीतलं कोरडं तांदळाचं पीठ आणून गोळ्यात कालवलं. त्याचे अनारसे फुटले नाहीत, पण असे निघाले की खापरीसारखे वाजावेत. दादांना बाजारात पिटाळलं. धोंड्याचा महिना, हलवायानं हात वर केले.

बाहेरून पद्मावतीबाईंचा आवाज आला. "झालं का हो वाण? आम्हाला ऊन उतरायच्या आत निघायला हवं."

अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं मान वळवली आणि मला दारात बघितलं. मी वळून माझ्या स्वयंपाकघरात गेले आणि पाटावर बसले. येणार हे माहीत होतं.

आली. घामानं कुंकू ओघळून नाकावर आलेलं.

"शालन, भिजवलेलं पीठ आहे का गं तुझ्याकडं?"

"आहे."

"दे लवकर. वाटीभर दे."

"पीठ आहे, गोळापण आहे. मुरलेला. तेहतीस होतील एवढा."

ती डब्याकडं बघतच राहिली. मग हात पुढं केला. "दे, माझी बाई. घराण्याची अब्रू जाईल."

मी डबा मांडीवर घेतला. "माझ्या हातचा आहे, अक्का. चालेल?"

"असं काय करतेस? चालेल."

"ऐकू आलं नाही."

"चालेल गं! चालेल!" ती ओरडली. पुढच्या खोलीत ऐकू गेलं असणार.

"मग तुमच्या ओट्यावर मी तळणार, त्या पोरींसमोर. आणि वाण मी देणार."

"तळ ना. पण वाण मी... बरं. बरं, तू दे."

"आणि देण्याआधी तुम्ही मला कुंकू लावायचं. आत नाही. बाहेर, विहीणबाईंसमोर."

अक्का चरकली. "शालन, वेड लागलंय का तुला? चार माणसांत असलं..."

"चार माणसांतच पुसलंत की."

तेवढंच बोलले मी. दोन वर्षं हे एकच वाक्य घोकत होते म्हणा ना. ती कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपाला धरून उभी राहिली. बाहेर पद्मावतीबाई पुन्हा काहीतरी म्हणाल्या आणि अक्कानं डोळे मिटून मान हलवली.

मी डबा, उरलेलं पीठ आणि माझी वाटी घेऊन पुढं गेले. कढईतलं तूप बदललं. तूप तापेपर्यंत त्या पोरींना म्हटलं, "तुम्ही ग्रॅम शिकायला येता ना? मग काटा इकडं आणा."

पितळेची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. मग उरलेलं पीठ वाटीत घातलं, मुठीनं दाबलं, पुन्हा घातलं, पुन्हा दाबलं, वर शीग लावली. "बघा, किती?"

"एकशे साठ," एक पोर म्हणाली.

वाटी रिकामी केली. गूळ किसून घेतला आणि न दाबता, हलक्या हातानं, वाटीत नुसता पडू दिला. "आता?"

"शंभरसुद्धा नाही, काकू."

"वाटीला वाटीच आहे. पीठ दाबून, शीग लावून. गूळ मोकळा. माझ्या आईचं माप हे. आता काढा ह्याचे ग्रॅम आणि लिहून घ्या."

त्या लिहायला लागल्या. अक्का भिंतीला टेकून उभी होती. काट्याकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"तुला ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "किलोला किलो म्हटलं तेव्हाच ठाऊक होतं तुला."

"हो."

"आणि गोळा दाखवायला आले तेव्हा?"

"तेव्हापण."

"सांगितलं का नाहीस, सटवे?"

"सांगत होते. 'पण' म्हणाले होते मी. तुम्ही पुढचं ऐकलं नाही. मग तुम्ही माझ्या हाताचं काढलंत आणि मला सांगावंसं वाटेना."

ती काहीतरी बोलणार होती. मी पहिला अनारसा तुपात सोडला. तो वर आला, जाळी पडली, कडा आवळून धरल्या, मी झाऱ्यानं तूप उडवत गेले आणि तो बदामी झाला. हसला नाही. पोरींनी टाळ्या पिटल्या. काय सांगू, असं सुख मला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मिळालं.

तेहतीस झाले. चांदीच्या ताटात रचले, वर दिवा लावला. बाहेर पाट मांडले होते. जावई आणि सोनल जोडीनं बसले. मी ताट घेऊन बाहेर आले तशी सोनल गोंधळली. माझ्याकडं बघते, काकूकडं बघते.

"आई, तू?"

"मी. बस खाली."

पद्मावतीबाई खुर्चीत सरळ झाल्या. "वाण तर रत्नमालाबाई देणार होत्या ना?"

मी अक्काकडं बघत उभी राहिले. तिनं देव्हाऱ्यातला करंडा आणला. पैठणीत घामाघूम झालेली, नथ वाकडी झालेली, सावकाश चालत माझ्यासमोर आली. दादा म्हणाले, "हे काय चाललंय, अगं?" तर त्यांना तिनं हातानंच गप्प केलं. शब्दाची मात्र पक्की, एवढं मान्य करायला हवं.

तिनं करंगळीचं टोक कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाला टेकवलं. असं टेकवलं की दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. आणि मागं सरायला लागली.

मी तिची हनुवटी धरली. दोन वर्षांपूर्वी तिनं माझी धरली होती तशीच.

"अक्का, सपाट नको," म्हटलं. "शीग लावून."

अक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं मग चिमूट भरून कुंकू घेतलं आणि माझ्या कपाळावर अंगठ्यानं दाबलं. थोडं माझ्या नाकावर सांडलं, थोडं अनारशांवर पडलं. मी पुसलं नाही.

मग खाली बसून मी माझ्या जावयाला वाण दिलं. त्यानं ताट कपाळाला लावलं आणि माझ्या पाया पडला. पद्मावतीबाईंनी ताटातला वरचा अनारसा उचलला, त्यावरचं कुंकू फुंकून उडवलं आणि तिथंच खाल्ला. म्हणाल्या, "रत्नमालाबाई, तुम्ही फोनवर म्हणालात, शालनबाईंना आता स्वयंपाक जमत नाही."

अक्का आत निघून गेली. वाणात एक कमी पडला, तो मी डब्यातून आणून पुरा केला. एक जास्तीचा तळून ठेवला होता.

तेव्हापासून दोन अधिक महिने होऊन गेले. दोन्ही वाणं मीच केली. काटा माझ्या ओट्यावर असतो, कारण अक्कानं तो परत मागितला नाही. चतुर्थीला मी हळद-कुंकवाचं ताट घेऊन पुढच्या दारात जाते, आणि अक्का उठून मला कुंकू लावते. अजून एकदाही मला तिला आठवण करून द्यावी लागली नाही.